आतली की बाहेरची?

भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनीच्या खाणीत काकांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर नंदिनी नगरातच राहिलेले काका नवा डेस्कटॉप घ्यायला निघाले आणि घरात वाद सुरू झाला.

"बाबा, आतच एक टीबीची एसएसडी बसवून घ्या. वेगवान असते, टेबलावर वायरींचा पसाराही नको," नागपूरहून मुलाचा फोन.

काकांना पटेना. काकूंचे सगळे फोटो जुन्या संगणकात होते. गेल्या आषाढात वीज कडाडली, संगणक जळाला, आतली डिस्कही गेली. काकू त्याआधीच गेल्या होत्या.

"मग बाहेरचीच घेतो."

"दोन्ही घ्या, बाबा," सून म्हणाली. "आतली रोजच्या कामाला, बाहेरची फोटोंच्या दुसऱ्या प्रतीला. पण प्रत झाली की यूएसबीची वायर काढायची. जोडलेली राहिली तर पुढच्या विजेत तीही जाईल."

खरेच आहे. बाहेरची डिस्क म्हणजे बहुधा तशीच डिस्क, वेगळ्या डबीत. दुकानदार हे क्वचितच सांगतो.

नातेवाइकांच्या फोनमधून काकूंचे चाळीसेक फोटो जमले. काकांनी ते दोन्हीकडे उतरवले, वायर काढली आणि बाहेरची डिस्क काकूंच्या कपाटात, साड्यांखाली ठेवून दिली.