एकशेदहा रुपयांचे पेट्रोल

2022 सालच्या मे महिन्यातील एका दुपारी आम्ही पाच जण वसईहून नाशिकला निघालो होतो. गाडी मी चालवत होतो. शेजारी ऐंशी ओलांडलेले एक निवृत्त धर्मगुरू आणि मागे तीन धर्मभगिनी. त्यांतील एक परिचारिका. त्या वृद्ध फादरांच्या सेमिनरीतील जिवलग मित्राचा दफनविधी नाशिकला चार वाजता होता. ‘‘एकदा शेवटचे तोंड पाहू दे रे,’’ एवढेच ते गाडीत बसताना म्हणाले होते.

गाडीत एसी होता; पण तो लावण्याचा माझा रिवाज नव्हता. पेट्रोलचा खर्च धर्मग्रामाच्या तिजोरीतून होतो, आणि त्या तिजोरीत कोणाकोणाच्या घामाचा पैसा पडतो हे मी रोज पाहतो. त्यावर आपण गारवा विकत घ्यावा हे मला अप्रशस्त वाटे. शिवाय ‘एसी लावला की गाडी पेट्रोल पिते आणि घाटात दम सोडते’ हे वाक्य मी तरुणपणी ऐकले होते. त्या काळी रस्त्यांवर 796 सीसीच्या, अवघ्या 37 अश्वशक्तीच्या मारुती 800 चे राज्य होते. त्या गाडीला ते वाक्य लागू असेलही. मी ते वेदवाक्य मानून तीस वर्षे उराशी बाळगले. खरे सांगायचे तर त्या काटकसरीचा मला थोडा अभिमानही होता.

चिंचोटी-कामणच्या खड्ड्यांतून भिवंडी गाठेपर्यंत एक वाजला. पडघा, शहापूर मागे पडले. उघड्या खिडक्यांतून येणारा वारा वारा नव्हताच. भट्टीचे तोंड उघडल्यासारखी ती झळ होती. हवा अंगापेक्षा तापलेली असली की ती उष्णता काढून नेत नाही, उलट आणून घालते. फक्त घाम वाळतो तेवढाच काय तो दिलासा. आणि म्हाताऱ्या शरीराला घामही पुरेसा येत नाही. फादरांनी एकदा पाणी मागितले, मग ते गप्प झाले. मला वाटले, मित्राच्या आठवणीत असतील.

कसाऱ्याजवळ त्यांची मान कलली. मागून सिस्टरांनी हात पुढे करून नाडी पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘फादर, काचा वर करा, एसी लावा, आणि कुठेतरी डॉक्टर गाठा.’’ मी एसी लावला. समोर घाट उभा होता. पाच माणसे, मागे हॉर्न देणारा ट्रक, आणि पहिल्याच वळणावर गाडी अडखळू लागली. पाय खाली दाबला तरी ती पुढे सरेना. मी घाबरून एसी बंद केला, गाडी हलली. सिस्टर म्हणाल्या, ‘‘लावा.’’ मी लावला. गाडी पुन्हा मंदावली. लावणे आणि बंद करणे, असा तो घाट मी चढलो. तेवढा वेळ माझ्या शेजारी एक माणूस हातचा जात होता की काय, ह्या विचाराने आजही पोटात खड्डा पडतो.

इगतपुरीच्या डॉक्टरांनी सलाईन लावले. तीन तासांनी फादरांनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, ‘‘किती वाजले?’’ साडेपाच वाजले होते. मी उत्तर दिले नाही. त्यांनी घड्याळ पाहिले.

पुढच्या आठवड्यात मी गाडी घेऊन आमच्याच धर्मग्रामातील एका तरुण मिस्त्रीकडे गेलो. इंजिन दुबळे झाले आहे, अशी माझी तक्रार होती. त्याने बॉनेट उघडले आणि मला पट्टा दाखवला. क्रँकशाफ्टच्या फिरण्यावर हा पट्टा फिरतो आणि त्याच पट्ट्यावर एसीचा कॉम्प्रेसर चालतो. बटण दाबले की विद्युतचुंबकी क्लच ‘टक्’ असा आवाज करून कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडतो. त्या क्षणापासून इंजिनाला चाकांबरोबर आणखी एक ओझे ओढावे लागते. कडक उन्हात ते ओझे तीन-चार अश्वशक्तीचे होते. (1940 च्या सुमारास अमेरिकेतील पॅकार्ड मोटारीत प्रथम कारखान्यातूनच एसी बसवून मिळू लागला, तेव्हा हा क्लचही नव्हता. गारवा नको असेल तर इंजिन थांबवून पट्टा हातानेच काढावा लागे! आपण बटणाला कंटाळतो.)

‘‘पण माझी गाडी 67 अश्वशक्तीची आहे,’’ मी म्हणालो. ‘‘त्यातून चार गेले तर काय बिघडले?’’

तो हसला. ‘‘फादर, ते 67 घोडे इंजिन साडेपाच हजार फेरे घेते तेव्हा. घाटात तुम्ही कोणत्या गिअरमध्ये होता?’’

‘‘तिसऱ्या.’’

‘‘का?’’

मी गप्प राहिलो. वरच्या गिअरमध्ये पेट्रोल वाचते, म्हणून. इंजिन त्या वेळी मिनिटाला दोन हजार फेरेही घेत नसेल. तेवढ्या फेऱ्यांत ह्या इंजिनातून निघते वीस-बावीस अश्वशक्ती. त्यातील चार एसीने नेल्या म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. दुसरा गिअर टाकला असता तर फेरे वाढले असते आणि गाडी एसीसह चढली असती. एवढेच नव्हे, तर अशा गाड्यांत चालकाने पाय पूर्ण दाबला की संगणक स्वतःच काही सेकंद कॉम्प्रेसर सोडवतो. मी घामाघूम होऊन जे हाताने करत होतो, ते गाडीला आधीच शिकवलेले होते. सेमिनरीत कार्यकारणभावावर मी अनेक तास व्याख्याने ऐकली आहेत. खऱ्या कारणाला सोडून भलत्यालाच दोषी धरण्याचा इतका सुबक नमुना मला पुस्तकात सापडला नव्हता.

मग मी वही घातली. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा काठोकाठ भरायची. त्याच रस्त्यांवर तीन टाक्या एसी बंद ठेवून, तीन चालू ठेवून. बंद असताना लिटरमागे 18.6 किलोमीटर पडले, चालू असताना 16.4. म्हणजे शंभर किलोमीटरला पाऊण लिटरहूनही किंचित कमी. वसईहून नाशिक सुमारे दीडशे किलोमीटर. जादा लागणारे पेट्रोल एक लिटरच्या जरासे वर. त्या दिवसांतल्या भावाने एकशेदहा-पंधरा रुपये. मी हा हिशेब तीनदा केला. चूक निघाली नाही.

गावातल्या फेऱ्यांत मात्र फरक बराच मोठा आला, आणि तेही रास्तच आहे. उन्हात उभी केलेली गाडी भट्टी झालेली असते. ती थंड करण्यातच पहिली दहा मिनिटे जातात, तोवर आजाऱ्याचे घर येते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने तर अतिशय उष्ण हवेत, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, ही घट पंचवीस टक्क्यांहूनही अधिक होऊ शकते असे सांगितले आहे. म्हणून आता मी गाडी चिंचेखाली लावतो, निघताना काचा खाली करून आतली वाफ बाहेर जाऊ देतो, मगच एसी. महामार्गावर उलटे: वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि उघड्या खिडक्या त्यात भर घालतात, तेथे काचा लावलेल्याच बऱ्या. आणखी एक गोष्ट वसईकरांनी ध्यानात घ्यावी. आपली हवा दमट. एसीची बरीच शक्ती हवा गार करण्यापेक्षा तिच्यातले पाणी पिळून काढण्यात खर्ची पडते. गाडीखाली ठिबकणारे ते पाणी पाहून काही जण गळती समजून माझ्याकडे धावत येतात. ते आपल्याच किनाऱ्याची वाफ असते.

हे सारे मी त्या फादरांना सांगितले. माझा शेवटचा आधारही पुढे केला: दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात घातक उपभोगाच्या सवयींचे उदाहरण म्हणून वातानुकूलनाचाच उल्लेख केला आहे, आणि गाड्यांतील आर-134ए हा वायू गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता कोंडतो. माझे चुकले असेल, पण तत्त्व चुकले नव्हते, असे मला म्हणायचे होते.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ‘‘तत्त्व बरोबर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण तू मला विचारले नाहीस.’’ थोड्या वेळाने पुढे म्हणाले, ‘‘मीही सांगितले नाही. आमच्या पिढीला उकडते म्हणायची लाज वाटते.’’

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, आम्ही दोघे पुन्हा नाशिकला गेलो. ह्या वेळी मित्राच्या थडग्यावर फुले ठेवायला. कसाऱ्याला मी दुसरा गिअर टाकला. हवा गार होती, एसीची गरजच नव्हती. तरी फादरांनी हात पुढे करून बटण दाबले आणि कान देऊन त्या ‘टक्’ची वाट पाहिली. गाडी घाटनदेवीपर्यंत बिनबोभाट चढली. वर पोचल्यावर त्यांनी ते स्वतःच बंद केले आणि आपल्या बाजूची काच खाली घेतली.