काकांची जीप

उभ्या आयुष्यात मी स्वतः मोटार चालवली नाही. घर आणि शाळा यांच्यामध्ये आधी सायकल, पुढे लूना, एवढाच माझा वाहनयोग. तरीही गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या जीपच्या विक्रीत मला पंच व्हावे लागले, आणि त्या पंचाईतीने मनातले बरेच काही उकरून काढले.

जीप आमच्या काकांची. मूळची लष्करातली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कित्येक लिलावात निघाल्या आणि हस्ते परहस्ते खेड्यापाड्यांत आल्या. काकांनी १९७४ साली त्यांतलीच एक घेतली. ती फोर्डची. आमच्या मिस्त्रीचाचांनी एकदा तिचा एक बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि त्याच्या डोक्यावर कोरलेले ‘एफ’ हे अक्षर दाखवले. “देखो बेटा, खानदानी माल है!” माझी इंग्रजी मुळाक्षरे तिथून सुरू झाली म्हणा ना!

१९७९ च्या श्रावणात रात्री आजोबांच्या छातीत कळ आली. बेल्याजवळच्या आमच्या गावाहून आदिलाबाद गाठायचे होते. वाटेत नाला, त्याला मांडीभर पाणी. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, आणि डिस्ट्रिब्युटर भिजला की ठिणगी मरते. जीप मधोमध बंद पडली. बैल आणून ती ओढून काढेपर्यंत उजाडले. आजोबांना परत घरीच आणावे लागले, ते चौघांच्या खांद्यावरून.

काका त्यावर कधी बोलले नाहीत. मात्र १९८३ साली कापसाचे पैसे हाती येताच त्यांनी मोडीत निघालेल्या मॅटाडोरचे डिझेल इंजिन आणले. डिझेल दाबाच्या उष्णतेनेच पेटते, त्याला ठिणगी नको. हवा मिळते तोवर ते चालते. चाचांनी चॅसीला नवे आधार वेल्ड केले, वजन पेलण्यासाठी पुढचे पाटे वाढवले, बोनेट कापले आणि हवेची नळी काचेच्याही वर नेली. जीप कुरूप झाली. काकांनी रीतसर परवानगी काढून गाडीच्या पुस्तकात नवा इंजिन नंबर चढवून घेतला. जुने इंजिन गोठ्यामागे लिंबाखाली पडून राहिले.

१९८६ च्या ऑगस्टात गोदावरीला महापूर आला, त्याच पावसाळ्यात कापूस निंदताना आईला साप चावला. तोच नाला, तेवढेच पाणी. मी मागे आईचे डोके मांडीवर घेऊन बसलो होतो. पाणी पायाशी आले, इंजिन खोकले, पण थांबले नाही. आई आज ऐंशीच्या घरात आहे.

माझा एक भाचा डेट्रॉइटला असतो. तिथे १९९५ पासून दर ऑगस्टात जुन्या मोटारींचा मेळा भरतो. त्याची छायाचित्रे दाखवत तो सांगत होता की महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातली पोरे जुन्या फोर्ड गाड्या घेत, मडगार्ड काढून हलक्या करीत, दमदार इंजिन चढवीत आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात शर्यती लावीत. त्यांना ‘हॉट रॉड’ म्हणतात. १९३२ ची व्ही-८ फोर्ड त्यांची विशेष लाडकी. आज तिथेही दोन तट आहेत. एक म्हणतो, कारखान्यातून निघाली तशीच गाडी जपा. दुसरा म्हणतो, जिला मालकाचा हात लागला नाही ती गाडी कसली! मला हसू आले. त्यांनी वेगासाठी जे केले, ते काकांनी पोहोचण्यासाठी केले होते.

हाच वाद गेल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात आला. काका गेल्यावर चुलतभावाने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी जीप विकायला काढली. पुण्याहून एक शौकीन गृहस्थ आले. लिंबाखालचे इंजिन पाहून त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, “हे डिझेलचं धूड काढा. मूळ इंजिनासकट चांगली किंमत देतो.”

चाचांचा मुलगा माझा विद्यार्थी, आता गॅरेज तोच बघतो. तो उसळून म्हणाला, “सर, अब्बांनी महिनाभर खपून बसवलेलं इंजिन मी काढू?” भाऊ म्हणाला, “दादा, तुम्हीच सांगा.”

मी गप्प. माझ्या मनात ‘नाही’ होते. पण फी मला भरायची नव्हती. शेवटी ओट्यावरून आईच म्हणाली, “बाप्पा, लोखंडासाठी काय भांडता? ज्या कामासाठी आणलं ते काम त्यानं केलं. पोरीची फी भरा.”

मे महिन्यात जीप ट्रकवर चढून पुण्याला गेली. डिझेल इंजिन चाचांच्या मुलाने स्वतःच्या हातांनी उतरवले. ते भंगारात दिले नाही. पट्टा जोडून भावाच्या विहिरीवर पंपाला लावले. वीज गेली की ते सुरू होते. रात्री दूरवरून त्याचा आवाज आला की आई अंथरुणात कूस बदलते आणि म्हणते, “चालू आहे.”