माधवरावांचा ‘राव’

तिरुवांकूर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे राजा सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणम येथे एका देशस्थ मराठी कुटुंबात जन्मले. वडील रंगराव, चुलते व्यंकटराव. मराठी वाचकाला ही तीन माणसांची तीन स्वतंत्र नावे वाटतात. इंग्रजी लेखनात मात्र ‘राव’ नावापासून तोडला गेला आणि तो घराण्याच्या आडनावासारखा भासू लागला.

मुळात ‘राव’ म्हणजे राजा. संस्कृतातील ‘राजन्’ प्राकृतात झिजून ‘राय’, ‘राव’ असा झाला. ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणीत तो अर्थ टिकून आहे. (‘काय राव!’ म्हणून मित्राला हटकणाऱ्यास तो आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.) तेव्हा ‘राजा सर टी. माधवराव’ या बिरुदावलीत एकच शब्द दोनदा येतो : आरंभी पूर्ण पोशाखात, अखेरीस झिजलेल्या अंगरख्यात.

मराठीत हा ‘राव’ केवळ शोभेचा नाही. तो वाक्यावर हुकमत चालवतो. माधव येतो, माधवराव येतात. माधवाने केले, माधवरावांनी केले. हा मान बोलणाऱ्याने द्यावयाचा असतो. आडनाव झालेला ‘राव’ माणूस स्वतःच स्वतःला लावतो, आणि त्यात उद्धटपणा नसतो. कारण मान त्यातून केव्हाच निघून गेलेला असतो. शब्द सुटा झाल्यावर त्याला तमिळचाही नियम लागू होतो. जुन्या तमिळ व्याकरणाला शब्दारंभी ‘र’ चालत नाही, म्हणून त्यामागे ‘इ’ जोडून ‘इराव्’ असे लिहिले जाई.

चेक भाषेत नेमेत्स या आडनावाच्या पुरुषाची पत्नी नेम्त्सोवा होते; तेथे आडनावाचेच स्त्रीरूप घडते. ‘राव’ला असे स्त्रीरूप नाही. त्याच्या जोडीला ‘बाई’ हा निराळाच शब्द उभा राहतो, आणि तमिळ मुलुखात मराठी घर ओळखण्याची खूण म्हणून तो ‘राव’पेक्षा अधिक विश्वासार्ह आहे, कारण ‘राव’ तेलुगू आणि कन्नड नावांतही आढळतो.

राहिला ‘टी.’. तो तंजावरचा. तमिळ रीतीने गाव नावाच्या आधी येते, मराठीत ते ‘कर’ लावून मागे येते. महाराष्ट्रात हेच गृहस्थ माधवराव तंजावरकर झाले असते.

तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. त्या चौकाला लोक ‘स्टॅच्यू’ म्हणतात.