सरकपट्टी

ग्लायडर आकाशात असते तेव्हा त्याच्याइतके डौलदार यंत्र क्वचितच दिसते. इंजिन नाही, आवाज नाही. तापलेल्या हवेचा वर चढणारा झोत सापडला, की घारीप्रमाणे घिरट्या घालीत ते उंच जाते. पण असा झोत पुन्हा सापडला नाही, तर वैमानिकाला जवळचे मोकळे शेत पाहून तेथेच उतरावे लागते. जर्मनीतील वासरकुप्पे या डोंगरमाथ्यावर १९२० साली ग्लायडरच्या स्पर्धा सुरू झाल्या. तेव्हापासून तिकडच्या शेतकऱ्यांनाही असे पाहुणे नवीन राहिलेले नाहीत.

मग वैमानिकाचे सोबती मोटारीला एक लांबट, अरुंद ट्रेलर जोडून येतात. टोकापासून टोकापर्यंत १५ मीटर भरणारे पंख सोडवून वेगळे करतात. धड एका पाळण्यात बसवतात आणि ट्रेलरच्या तोंडाशी असलेल्या उतरणीवरून आत लोटतात. पाळण्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना बोटभर जाडीच्या पट्ट्या असतात. त्या लोखंडी रुळावर सरकतात. साऱ्या डौलाचा भार अखेर या क्षुद्र पट्ट्यांवर येतो!

पट्ट्या झिजल्या, की एक बाजू अडते, दुसरी पुढे जाते आणि पाळणा तिरका होतो. सोबती जोर लावतात. अडलेली बाजू एकदम सुटते आणि शेपटी ट्रेलरच्या कडेवर आदळते. काचतंतूंचे पहिले ग्लायडर १९५७ साली उडाले. आज बहुतेक ग्लायडरांचे कवच अशाच तंतूंचे असते. हे कवच वाऱ्याचा प्रचंड ताण सोसते. टोकदार आघात मात्र त्याला सोसवत नाही. शिवाय आत पडलेली चीर वरून दिसेलच असे नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ग्लायडरातून कोणीतरी उडणार असते.

पुष्कळ जण यावर वंगणाचा उपाय करतात. तो फसवा आहे. शेतातली माती वंगणाला चिकटते आणि रूळ पॉलिश कागदासारखा खरखरीत होतो. नायलॉनची पट्टी ओल शोषून फुगते. टेफ्लॉन अतिशय गुळगुळीत खरे; पण गुळगुळीतपणा निराळा आणि टिकाऊपणा निराळा. इंग्लंडमधील शस्त्रवैद्य जॉन चार्नली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यात प्रथम टेफ्लॉनच वापरले होते. ते थोड्याच वर्षांत झिजून गेले. १९६२ साली त्यांनी त्याऐवजी पॉलिएथिलीनची एक चिवट जात घेतली, आणि ती टिकली. चालत्या माणसाचा भार वर्षानुवर्षे सोसणारे हेच द्रव्य ट्रेलरच्या पट्ट्यांनाही उत्तम ठरते.

ते बसविताना थोडे तारतम्य लागते. त्यावर सरस धड चिकटत नाही, म्हणून स्क्रू हवेत. आणि स्क्रूची डोकी पट्टीत खोल बुडवावी लागतात, नाहीतर पट्टी झिजताच ती रुळाला ओरखडे काढू लागतात. उन्हाने ही पट्टी लोखंडाहून कितीतरी अधिक वाढते. मीटरभर लांबीला तीस अंशांच्या फरकाने पाचेक मिलिमीटर! म्हणून भोके गोल न पाडता लांबट पाडतात. एकच बाजू झिजली असली, तरी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बदलतात, म्हणजे पाळणा कलत नाही. रुळावरचे कंगोरे कानसून तो कोरड्या फडक्याने पुसतात. त्यानंतर प्रथम रिकामा पाळणाच वर-खाली सरकवून पाहतात. ग्लायडरची पाळी मागाहून येते.