आवाज पुढे, चित्र मागे

वडिलांचे वर्षश्राद्ध चार दिवसांवर आले होते. बदलीच्या नोकरीमुळे अखेरीस मी त्यांच्याजवळ नव्हतो. आई नागपूरहून रायपुरास यायची होती आणि तिचे मागणे एकच होते : “ह्यांना एकदा मोठ्या पडद्यावर बघू दे रे.”

मोबाइलवर टिपलेले त्यांचे चार मिनिटांचे बोलणे मी नव्या लॅपटॉपवर उतरविले आणि मोबाइलमधील प्रत पुसली. पाहतो तो आवाज स्वच्छ, पण चेहऱ्यावर हिरवे पट्टे. शब्द कानी येऊन गेल्यावर ओठ हलत. फाइलच बिघडली, या कल्पनेने मी हबकलो.

कचेरी सुटताच गोल बाजार गाठला. तेथील एका तरुण दुकानदाराने ती फाइल आपल्या जुन्या यंत्रावर लावली; निर्वेध चालली. “फ़ाइल अच्छी है, साहब.” मग त्याने माझ्या लॅपटॉपवरील हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केले. चित्र उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपकडून मुख्य प्रोसेसरकडे जाताच पट्टे नाहीसे झाले. दोष चिपच्या जुन्या ड्रायव्हरचा होता. नवा ड्रायव्हर घालून ती सोय पुन्हा चालू केली, तरी चित्र स्वच्छच राहिले.

अर्ज अडला की आपण कारकून आधी अर्जदाराच्या कागदावर संशय घेतो. खोळंबा मधल्या टेबलावरही असू शकतो, हे मला बाजारात कळावे! त्याच रात्री मी फाइलची दुसरी प्रत केली.

श्राद्धाच्या सायंकाळी आईने ती चार मिनिटे पाहिली आणि एवढेच म्हणाली, “घाईत बोलायची सवय काही गेली नाही ह्यांची.”