पीटरबरोमधला नाताळ आणि आमची मागची खोली

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर जे काही चाललं त्यावरून लिहायला बसले, पण सुरुवात जरा लांबून करावी लागेल.

इचलकरंजीत आमच्या घराची मागची खोली रिकामी आहे. यंत्रमागावर काम करणारं बिहारचं एक कुटुंब विचारायला आलं. नवरा-बायको, दोन पोरं. झालं, ग्रुपवर मेसेज सुरू. 'बाहेरच्यांना देऊ नका', 'एकाला दिली की मागून दहा येतात', वगैरे. पप्पांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "तू परदेशात राहून आलीस, तूच सांग काय करायचं ते." आणि मला पीटरबरोतलं ते जेवणाचं टेबल आठवलं.

डिसेंबर २०२३ ची गोष्ट. एमएस्सी होऊन वर्ष झालं होतं, शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा व्हिसा चालू होता. एका गोदाम कंपनीच्या ऑफिसात नोकरी, आणि राहायला एका पोलिश कुटुंबाच्या घरात वरची खोली. ४ डिसेंबरला सरकारने जाहीर केलं की कामाच्या व्हिसासाठी पगाराची किमान अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर नेणार. माझ्यासारख्या नवख्यांना थोडी सवलत होती, पण माझा पगार त्या सवलतीतही बसत नव्हता. साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं, "बघू." आपल्याकडचा आणि त्यांच्याकडचा 'बघू' एकच असतो, हे त्या दिवशी कळलं.

२४ तारखेला रविवार होता. लंडनच्या मैत्रिणीचं ऐनवेळी रद्द झालं. २५ ला तिथे ट्रेनच धावत नाहीत, त्यामुळे कुठे जायची सोयही नाही. घरमालकीण वर येऊन म्हणाली, "खाली ये, हात कमी पडतायत." मला वाटलं भांडी घासायला बोलावतेय. तर मला आजीशेजारी कणकेपुढे बसवलं.

आजी म्हणजे घरमालकाची आई. पोलिशमध्ये आजीला 'बाप्चा' म्हणतात. बापाची आई ती बाप्चा, माझ्या लगेच लक्षात राहिलं. वय अठ्ठ्याहत्तर, इंग्रजीचा एक शब्द येत नाही. पूर्वी पोलंडहून यायला साधं ओळखपत्र चालायचं. ब्रेक्झिटनंतर, ऑक्टोबर २०२१ पासून ते बंद झालं. मग बाईंनी आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला तो मुलाकडे नाताळला येण्यासाठी. बॅगेत दोऱ्यात ओवलेले वाळवलेले मशरूम, खसखशीचं पुडकं आणि मुलाला लोकरीचे मोजे.

आम्ही पिएरोगी केले. आंबवलेला कोबी आणि मशरूमचं सारण, आकार करंजीचा, पण तळायचे नाहीत, पाण्यात उकडायचे. मी कडेला मुरड घातली तर बाप्चाने हात धरून थांबवलं, नीट बघितलं आणि पुढचे सगळे मलाच करायला लावले. बीटाच्या आंबट साराला 'बार्श्च' म्हणतात. त्यात सोडायच्या छोट्या पुरचुंड्यांचं नाव 'उश्का', म्हणजे छोटे कान. आपल्याकडेही कानोले आहेतच की.

त्या रात्रीच्या जेवणाला 'विगिलिया' म्हणतात. पोलिश माणसासाठी २५ पेक्षा २४ ची संध्याकाळ मोठी. मांस वर्ज्य, मासा चालतो (हे ऐकून आमची मालवणची मामी फार खूश झाली). पदार्थ बारा असायला पाहिजेत. आम्ही मोजले तर अकरा भरले, मग बाप्चाने लोणच्याची बरणी आणून ठेवली. टेबलक्लॉथखाली थोडं वाळकं गवत, गोठ्यात जन्मलेल्या बाळाची आठवण म्हणून. आकाशात पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबरात तारा कुठला दिसणार, नुसते ढग. घरातली बारा वर्षांची मुलगी खिडकीत उभी राहिली आणि चार वाजून गेल्यावर तिने जाहीर केलं, "दिसला." विमान होतं. कुणी वाद घातला नाही.

टेबलावर ताटं मांडताना मी मोजली. आम्ही पाच. ताटं सहा. मला मेल्यासारखं झालं. कारण मी कुठेतरी वाचलं होतं की पोलिश लोक अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जास्तीचं ताट ठेवतात. ते माझंच असणार म्हणून मी त्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. मुलगी हसली. "ते नाही, तुझं इकडे, बाप्चाजवळ." म्हणजे मला मोजून पाच झालो होतो. सहावं ताट अजून न आलेल्याचं होतं.

जेवणाआधी 'ओपवातेक' असतो. पातळ पांढरा वेफर, त्यावर येशूजन्माचं चित्र उमटवलेलं. प्रत्येकाने प्रत्येकासमोर जायचं, समोरच्याच्या वेफरचा तुकडा मोडून खायचा आणि त्याच्यासाठी काहीतरी मागायचं. आपल्या तिळगुळासारखंच, फक्त इथे 'गोड बोला' म्हणून सुटका नाही. डोळ्यात बघून त्या माणसाला खरंच काय हवंय ते बोलावं लागतं. बाप्चाने माझा तुकडा मोडला आणि काहीतरी म्हणाली. मुलीने भाषांतर केलं, "तुला कागद मिळू देत." ४ तारखेची बातमी त्या म्हातारीपर्यंत पोचली होती तर.

इथवर सगळं छान. आता खरी गोष्ट.

सुकामेव्याचं सरबत पिता पिता घरमालक बोलायला लागला. हा माणूस २००५ मध्ये बसने आलेला. १ मे २००४ ला पोलंड युरोपीय संघात आला. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तीनच जुन्या देशांनी लगेच कामाचं दार उघडलं. ब्रिटनच्या सरकारने अंदाज काढून घेतला होता की नव्या देशांतून वर्षाला निव्वळ ५ ते १३ हजार लोक वाढतील. २०११ च्या जनगणनेत नुसती पोलिश बोलणारेच साडेपाच लाखांच्या आसपास निघाले. तर या माणसाने पहिली दोन वर्षं आसपासच्या शेतांत कोबी आणि फ्लॉवर कापला, आता गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. तो म्हणाला, "नोव्हेंबरमध्ये आकडा आला, एका वर्षात निव्वळ ७ लाख ४५ हजार. आम्ही आलो तेव्हा काम होतं. आता सगळे तुमचेच. माझ्या शिफ्टला अर्धे इंडियन. किती येणार अजून?"

मी ताटाकडे बघत राहिले. घास गिळवेना. बायको पोलिशमध्ये त्याच्यावर तुटून पडली, मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "याला विचार, २०१६ ला काय झालं होतं." मग तिनेच सांगितलं. सार्वमत झालं, पीटरबरोने साठ टक्क्यांहून जास्त मतं बाहेर पडण्याच्या बाजूने दिली. त्याच आठवड्यात जवळच्या हंटिंगडनमध्ये पोलिश लोकांना किडे म्हणणारी कार्डं टाकली गेली, इंग्रजी आणि पोलिश दोन्हीत छापलेली, म्हणजे वाचता येत नाही असं व्हायला नको. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. शाळेत एकाने विचारलं, परत कधी जाणार? ती घरी येऊन सामान भरायला लागली होती.

घरमालक गप्प झाला. म्हणाला, "ते वेगळं होतं."

मला राग आला, आणि रागात मी वळिवडे सांगितलं. माहीत नसणाऱ्यांसाठी: १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. त्यातली वाचलेली काही इराणमार्गे बाहेर पडली आणि १९४३ पासून जवळजवळ पाच हजार जण, बहुतेक बायका-पोरं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. चर्च, शाळा, बालवीर, सगळं होतं. १९४८ पर्यंत ती तिथे होती. आमची आजी सांगायची की तिच्या लहानपणी गोऱ्या बायका बाजारात मराठीत घासाघीस करायच्या. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतले सिंधी आले, तेच आजचं गांधीनगर. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता तिथून आलाय.

मी हे सगळं जिंकल्याच्या थाटात सांगितलं. मुलगी भाषांतर करत होती. बाप्चा ऐकत होती. तिच्या एका मावशीला असंच १९४० मध्ये नेलं होतं, ती परत आली नाही. माझं संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. त्या बायकांना तिथे नाताळला मासा मिळायचा का?

मला काय ठाऊक? पंचगंगेत मासे आहेत, एवढंच सांगितलं. तिचं समाधान झालेलं दिसलं.

रात्री ते सगळे चर्चला गेले. मी वर खोलीत एकटी. घरमालकाला मनात शिव्या देत मोबाईल चाळत होते आणि फेसबुकने माझीच जुनी पोस्ट समोर आणली असती तर गोष्ट बरी झाली असती, पण तसं नाही. मला ती आठवली आणि मी शोधली. मे २०२०. यंत्रमाग बंद, परप्रांतीय कामगार गावाला चाललेले, आणि मी लिहिलं होतं, 'गेलेत ते परत येऊ नयेत, आपल्या पोरांना कामं मिळतील.' वर ११३ लाईक्स. पोस्ट अजून आहे, डिलीट केलेली नाही. खाली जाऊन बघा. आपली पोरं मागावर गेली नाहीत, हेही तुम्हाला माहीत आहे.

घरमालकाला कार्डं माहीत होती, मला वळिवडे माहीत होतं. माहीत असल्याने दोघांचंही काही अडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो किचनमध्ये भेटला. माफी वगैरे नाही. हातावर माशाचा एक खवला ठेवला, नाण्याएवढा, धुऊन पुसलेला. विगिलियाच्या कार्पचा खवला पाकिटात ठेवला की वर्षभर पैसा टिकतो म्हणे. म्हणाला, "३८ हजार ७०० साठी." दोघंही हसलो. खवला अजून पाकिटात आहे. पगार वाढला नाही, नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हिसा संपला आणि मी परत आले.

पप्पांना मी हे सगळं सांगितलं, एवढ्या लांबणीने नाही. त्यांनी खोली दिली. ग्रुपवर दोघांनी अंगठा खाली केला, एकाने ग्रुप सोडला. पण डिपॉझिट पप्पांनी नेहमीच्या दुप्पट घेतलंय, आणि पैसे मोजताना मी तिथेच होते. ग्रुपवर तेवढं सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिलं.