बयाण्याच्या आधी

गणपती गेले की बदलापूर-अंबरनाथच्या आसपासच्या कातकरवाड्यांत मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर यायचं असेल तर बयाणा आत्ताच घ्या, म्हणतात. घरातलं धान्य संपलेलं असतं, कुणाचं लग्न ठरलेलं, कुणी आजारी. नोटा हातात पडतात, कागद काही होत नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा आयुष्यातला पहिला मोठा करार असा अंगणात, उभ्याउभ्या करतो. त्याला पैशाचं शिक्षण द्यायचं असेल तर ते त्या दिवसाच्या आधी वाडीवर पोचलं पाहिजे.

*

शिबिरांतून वाटल्या जाणाऱ्या आर्थिक साक्षरतेच्या पुस्तिकांत महिन्याचा पगार गृहीत धरलेला असतो. पगारातून इतके टक्के बाजूला काढा, वगैरे. कातकऱ्याचं वर्ष वेगळं चालतं. मृगानंतर लावणीची मजुरी, पावसात खेकडे, मासे आणि रानभाज्या, मग भातकापणी, आणि दिवाळीपासून पाऊस येईपर्यंत भट्टी. पैसा येतो तेव्हा चार दिवस येतो, नंतर दोन महिने दिसत नाही. आधी वाडीच्या पोरांकडूनच हे वर्ष भिंतीवर काढून घ्यावं. कुठल्या महिन्यात हात रिकामा असतो ते त्यांना कुणी सांगावं लागत नाही. बचतीचा विषय तिथून सुरू करावा.

*

फळ्यावर मांडायचा हिशोब. आकडे सोपे घेतलेत, रीत भट्टीवरचीच.

जोडप्याने बयाणा घेतला ३०,००० रुपये. दर आठवड्याला खर्ची १,००० रुपये, २६ आठवडे, म्हणजे २६,०००. एकूण उचल ५६,०००. दोघं मिळून दिवसाला हजार वीट पाडतात, आजारपण आणि अवकाळी पाऊस वजा जाता १४० दिवस भरले. झाली १,४०,००० वीट. हजारी दर ५०० धरला तर ७०,००० रुपये. भट्टीमालक शेठकडून १४,००० येणं.

आता शेठची वही. तिच्यात वीट १,००,०००. बाकीची भिजली, फुटली, कच्ची निघाली. मजुरी ५०,०००. म्हणजे ६,००० अंगावर, पुढच्या हंगामात फेडायचे.

आठवीतली मुलगीही हे गणित बिनचूक सोडवते. गुणाकार-भागाकार त्यांना येतो. अडतं ते ४०,००० विटांवर, कारण विटांची रोजची नोंद एकाच बाजूच्या हातात आहे. म्हणून धडा एवढाच: आपली वही आपल्याकडे. रोज संध्याकाळी पाडलेली वीट मोजायची, आकडा लिहायचा, थराचा मोबाईलवर फोटो काढायचा, आठवड्याच्या खर्चीला मुकादमाची सही मागायची. सही तो देणार नाही कदाचित. तारखा घातलेली वही तरीही पुरावा म्हणून पुढे ठेवता येते.

*

याच धड्याला जोडून कायदा शिकवावा, वेगळ्या तासाला ठेवू नये. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. वेठीला कारण झालेलं कर्ज या कायद्याने रद्दच झालं आहे, ते फेडायची जबाबदारी उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं म्हणजे सक्तीची मजुरीच, असं ठरवलं. आणि परवान्याशिवाय सावकारी करणं हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे तीन मुद्दे वाडीतल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ हवेत. कर्ज फेडलं नाही तर पोलीस नेतील, या भीतीवरच अर्धा धंदा चालतो.

*

पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याची गोष्ट फार जुनी नाही. मुलाच्या कफनासाठी एका आदिवासी बापाने ५०० रुपये घेतले आणि त्यापायी त्याला राबवून घेतलं गेलं. २०२१ च्या जुलैत त्याने गळफास घेतला. पाचशे रुपये. हा आकडा बदलापूरच्या प्रत्येक शाळेत माहीत असायला हवा.

*

मोखाडा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. याच जुन्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी, १९४५ साली वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा उठाव सुरू झाला. या उठावाच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लग्नगड्यांबद्दल लिहिलं आहे: लग्नाला पैसे घेतले की नवरा-बायको दोघं सावकाराची. तेव्हाही वारल्यांना हिशोब शिकवून प्रश्न सुटला नसता. एकत्र उभं राहिल्यावर सुटू लागला. पोरांना व्याजाचं सूत्र सांगताना हा इतिहासही सांगावा, तो त्यांच्या आजोबा-पणजोबांचा आहे.

*

आदिवासी उधळे आहेत, उद्याचा विचार करत नाहीत, हे शहरात फार ऐकू येतं. मला ते पटत नाही. ठाकूरवाड्यांत लावणीला सावड चालते. कुणाच्या शेतावर कुणी किती दिवस घातले, कुणाचे किती फिरायचे, हे सगळं कागदाशिवाय चोख पाळलं जातं. एवढी पत सांभाळणाऱ्या समाजाला बचत गट शिकवताना सावडीपासूनच सुरुवात करावी. दिवसांच्या जागी रुपये आले, इतकाच फरक.

*

जूनमध्ये बदलापूर स्टेशनाबाहेर पानांच्या द्रोणांत जांभळं, त्याच सुमाराला शेवळं, मग टाकळा आणि करटोली. विकणारी बाई पहाटे रानात गेलेली असते. तिच्या मुलीला नफा शिकवायचा तर हीच पाटी घ्यावी: रिक्षाचं भाडं, द्रोण, उरलेला नासका माल, आणि आईचे सहा-सात तास. ते तास बहुतेक कुणी धरतच नाही. एकदा धरले की द्रोणाचा भाव कमी करायला सांगणाऱ्या गिऱ्हाईकाला काय उत्तर द्यायचं ते मुलगी स्वतः ठरवते.

ठाणे जिल्ह्यातल्याच शहापुरात कातकरी तरुणांनीच गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली. वनधन योजनेत त्यांना मोठ्या औषध कंपन्यांच्या मागण्या मिळाल्या, ३५० टन, किंमत १ कोटी ५७ लाख रुपये. हे उदाहरण प्रत्येक वाडीवर गेलं पाहिजे.

*

नवे बयाणे. उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यांत, गोदामांत कामाला लागलेल्या पोराला हप्त्यावर मोबाईल मिळतो, त्याच मोबाईलवर कर्ज देणारं ॲप येतं. आणखी एक: तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार घे. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. खातं, सिम, कार्ड, अंगठा कुणालाही भाड्याने द्यायचा नाही. अंगठा लावला की पावती मागायची.

*

सातबारा वाचायला शिकवणं हेही पैशाचंच शिक्षण. बदलापुराभोवती जमिनीला सोन्याचा भाव आला. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सरकारी परवानगीशिवाय जात नाही, जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ कलमांत ते आहे. तरी साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतल्या जातात. वाचल्याशिवाय सही नाही, हे पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांना सांगायला हवं.

*

आदिवासींसाठीची सरकारी खावटी योजना १९७८ मध्ये याचसाठी सुरू झाली, पावसाळ्यात सावकाराकडे जावं लागू नये म्हणून. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, कुटुंबाला ४,००० रुपयांचं अनुदान जाहीर झालं, निम्मं खात्यात, निम्मं वस्तूंत. पण अंबरनाथ, उल्हासनगरच्या आदिवासींचं प्रकल्प कार्यालय शहापूरला. बदलापूरहून कल्याण, तिथून कसाऱ्याची गाडी, आसनगावला उतरून पुढे शहापूर. एका अर्जासाठी एका दिवसाची मजुरी बुडते. वसतिगृहाचा किंवा वसतिगृह न मिळालेल्यांसाठीच्या स्वयम योजनेचा अर्ज वाडीवरच भरून झाला तर तो दिवस वाचेल.

*

बँकांतून, शाळांतून, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेली पुष्कळ माणसं आज अंबरनाथ-बदलापुरात राहतात. हिशोब वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांना विनंती: गणपतीच्या आधीचे दोन रविवार जवळच्या वाडीला द्या. सोबत शंभर पानी वह्या न्या, घरटी एक. मुकादम बयाणा घेऊन येतील त्याच्या आधी जा.